मालवणच्या पाण्यातले प्रवाळ: ओळखायचे कसे, तब्येत तपासायची कशी, पिल्लं शोधायची कशी

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करून आलेल्यांची एक तक्रार कायम ऐकू येते: कोरल होते, पण रंगीत नव्हते. टीव्हीमुळे आपल्याला जांभळे, निळे, गुलाबी प्रवाळ बघायची सवय झाली आहे. त्यामुळे तपकिरी, मळकट हिरवा किंवा राखाडी गोळा दिसला की तो मेलेलाच वाटतो. खरं तर तो तपकिरी रंग हीच जिवंतपणाची खूण. उलट एखादा प्रवाळ चुन्यासारखा पांढराशुभ्र किंवा अचानक झगमगता निळसर दिसला, तर काळजी करायला हवी.

हा लेख मालवण, तारकर्ली, निवती, देवगडच्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी आहे: गाईड, होडीवाले, कॉलेजची मुलं, दरवर्षी येणारे पर्यटक. माझं म्हणणं असं की मोठा प्रवाळ किती देखणा आहे यावरून इथल्या समुद्राचं पुढे काय होणार ते कळत नाही. ते कळायला त्याच त्या वसाहतीकडे वर्षानुवर्षं परत जावं लागतं, आणि आजूबाजूच्या खडकावर नखाएवढी पिल्लं आहेत का ते शोधावं लागतं.

आधी दिवस निवडा

पावसाळ्यात प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, नद्या-खाड्यांचं गाळाचं पाणी किनाऱ्याला येतं आणि हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. दिवाळीनंतर गाळ बसायला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत नितळ महिने. त्यातही सकाळ पकडायची. जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो तोवर पाणी शांत असतं. दुपारकडे खारा वारा सुटला की लाट उठते आणि तळ ढवळतो.

मग तिथी बघा. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराची भरती, म्हणजे ओहोटी पाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ते अंदाज आणि उंच लाटांचे इशारे मोफत देते.

आता कुठल्या कामाला कुठला दिवस? खडपातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यातल्या, डबक्यांमधले प्रवाळ बघायचे असतील तर उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मागेपुढचे, दिवस घ्या. तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. पाण्यात उतरून बघायचे असतील तर भांगाचे दिवस घ्या. अष्टमीच्या मागेपुढे ओढ कमी असते, गाळ कमी उठतो. अष्टमीची सकाळ, आठ-साडेआठची वेळ, मतलई चालू: स्नॉर्केलसाठी याहून चांगली वेळ मिळत नाही.

काय घ्यायचं, काय टाळायचं

मास्क, स्नॉर्केल, लाइफ जॅकेट. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, म्हणजे सनस्क्रीन फासावं लागत नाही. सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळांच्या अळ्यांना घातक ठरतं म्हणून हवाई राज्याने 2021 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. नोंदीसाठी प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल, जमल्यास वॉटरप्रूफ कॅमेरा, आणि फोटोत मापाला ठेवायला प्लॅस्टिकची पट्टी.

फिन, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंख, नवशिक्याने घालूच नयेत. प्रवाळाची मोडतोड बहुतेक वेळा फिनच्या फटक्याने किंवा दमलेला माणूस खडकावर उभा राहिल्याने होते. माशांना ब्रेड-बिस्किटं टाकायची पद्धतही बंद व्हायला हवी. खडकावरचं शेवाळ खरवडणारे मासे तिकडे वळले की शेवाळ मोकाट वाढतं, आणि प्रवाळाला जागेसाठी लढावं लागतं ते शेवाळाशीच.

कायदा स्पष्ट आहे. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. अभयारण्याच्या बाहेरही वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहेच. खडक बांधणारे सगळे प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत असो की वाळूत पडलेला मेलेला तुकडा, उचलून घरी नेणं हा गुन्हा आहे.

आपण नेमकं काय बघतो आहोत

दगडासारखा दिसणारा तो गोळा म्हणजे हजारो पॉलिपची वसाहत. पॉलिप हा जेलीफिशच्या आणि समुद्रफुलाच्या नात्यातला प्राणी. नळीसारखं अंग, वर एकच तोंड, भोवती दंश करणाऱ्या पेशी असलेल्या स्पर्शिका. खालून तो कॅल्शियम कार्बोनेटचा कप बांधतो आणि त्यात बसतो. रात्री स्पर्शिका बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो.

पण त्याचं पोट मुख्यतः भरतं ते दिवसा. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंत भाग या मार्गाने भागू शकतो. बदल्यात शैवालांना आसरा आणि पॉलिपच्या उत्सर्गातून नत्र मिळतं. तपकिरी रंग या भाडेकरूंचाच आहे. प्रवाळाला उजेड का लागतो, गढूळ पाणी का सोसत नाही आणि पाणी तापल्यावर तो पांढरा का पडतो, या तिन्ही गोष्टींचं मूळ याच भागीदारीत आहे.

त्याला मानवणारं पाणी साधारण 23 ते 29 अंशांचं, खारं आणि स्वच्छ. कोकणात पावसाळ्याचे चार महिने गोडं पाणी आणि गाळ येतो, उन्हाळ्यात तापमान या मर्यादेच्या वर जातं. लक्षद्वीपसारखी मोठी प्रवाळभित्ती इथे उभी राहिली नाही ती त्यामुळेच. इथले प्रवाळ आधीच असलेल्या खडकावर विखरून बसलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक चिवट जातीचे आहेत. नितळ पाण्यातलं दुसरं टोक बघायचं तर विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला बुडालेलं आंग्रे बँकेचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार सुमारे 40 किलोमीटर लांब आहे, आणि त्याचा माथाही वीसेक मीटर पाण्याखाली आहे. तिथे गाळ पोचत नाही. मात्र ते स्नॉर्केलचं ठिकाण नव्हे.

ओळख

सुरुवातीला जातीचं नाव शोधायच्या मागे लागू नका, वंश ओळखला तरी पुष्कळ झालं.

पोराइट्स हा मालवणचा मुख्य गडी. गोल किंवा ओबडधोबड ढीग, लांबून गुळगुळीत. जवळ गेल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी, जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची छिद्रं दाटीने दिसतात. हा वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. तेव्हा मीटरभर उंचीचा ढीग दिसला तर तो तुमच्या पणजोबांच्या वेळचा असू शकतो, हे लक्षात ठेवून लांबूनच जा.

फेव्हायट्स आणि गोनिअ‍ॅस्ट्रिया मधाच्या पोळ्यासारखे दिसतात, शेजारच्या दोन खोल्यांमध्ये, म्हणजे पॉलिपच्या कपांमध्ये, एकच भिंत. टर्बिनेरिया पसरट वाडग्याच्या किंवा पानांच्या आकाराचा असून गढूळ पाण्यातही तग धरतो. गोनिओपोरा दिवसाही पॉलिप बाहेर काढून बसतो. प्रत्येक पॉलिपला 24 स्पर्शिका असतात आणि पाण्याबरोबर तो फुलांच्या ताटव्यासारखा डुलतो. खडपातल्या डबक्यांत स्यूडोसिडरॅस्ट्रिया मिळतो. राखाडी, चपटा, वर बारीक पांढऱ्या रेघांच्या चांदण्या. हा मुंबईच्या खडकांवरही आहे. कोस्टल रोडच्या कामात 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळ वसाहती काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, कपारीत आणि सावलीत दिसणारा भडक नारिंगी टुबॅस्ट्रिया. तो सुंदर आहे, पण त्याच्यात शैवाल नसतं आणि तो भित्ती बांधत नाही. त्याच्या रंगावरून तब्येतीचा अंदाज करू नका. दुसरं, खडपावर पसरलेली रबरासारखी मऊ, बटणाबटणांची चटई. ते झोअ‍ॅन्थिड. त्यांना कठीण सांगाडा नसतो, आणि त्यांच्या काही जातींत अतिशय जहाल विष असतं. जखम असलेला हात तर त्यांना लावूच नका.

प्रवाळ वाढतात कसे

इथे जरा थांबून बघा, कारण वर्षभर पाण्यात जाणारेही हा भाग बघत नाहीत.

वसाहत मोठी होते ती मुकुलनाने. फेव्हायट्स किंवा गोनिअ‍ॅस्ट्रियाच्या एखाद्या मध्यम वसाहतीसमोर अंग सैल सोडून दोन मिनिटं तरंगत राहा आणि एकेक खोली बघत जा. बहुतेक खोल्या गोल-षटकोनी असतील. मधेच एखादी लांबट दिसेल, कमरेत थोडी आवळलेली. तिच्यात नीट पाहिलं तर दोन तोंडं दिसतात. तो पॉलिप दुभंगतो आहे. काही काळाने मधे भिंत उभी राहील आणि एकाच्या दोन खोल्या होतील. टर्बिनेरियामध्ये मात्र नवा पॉलिप जुन्या दोघांच्या मधल्या जागेत उगवतो. फांद्यांच्या जातींमध्ये तुटलेली फांदी पक्क्या खडकावर अडकली तर तीही नवी वसाहत होते, वाळूत पडली तर गाळाखाली मरते.

या सगळ्यात नवीन रक्त येत नाही. सगळे पॉलिप आनुवंशिकदृष्ट्या एकच. नवीन रक्त येतं ते लैंगिक प्रजननातून. बहुतेक जाती, अंदाजे तीन चतुर्थांश, अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. पोळ्यासारख्या जाती उभयलिंगी असतात. एकच पॉलिप दोन्ही बनवतो आणि दोन्हींचा गुलाबीसर गठ्ठा वर सोडतो. मालवणात दिसणाऱ्या पोराइट्स ल्यूटियामध्ये नर वसाहती वेगळ्या, मादी वेगळ्या. काही जाती मात्र आतल्या आत फलन करून तयार अळ्याच सोडतात.

वेळ ठरवण्यात तीन घड्याळं असतात. समुद्राचं तापमान महिना ठरवतं, चंद्र रात्र ठरवतो आणि सूर्यास्तानंतरचा अंधार तास ठरवतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत डझनावारी जाती एकदमच प्रजनन करतात, हे जगाला 1980 च्या दशकात कळलं. आपल्याकडे तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांचं प्रजनन मार्चच्या सुमारास होतं.

कोकणात रात्री प्रवाळांवर उतरायच्या फंदात पडू नका. पौर्णिमेनंतरच्या पहाटे मासेमारीला जाणाऱ्या तांडेलांना मात्र विचारून ठेवा, पाण्यावर गुलाबी तवंग दिसला का. तवंग दिसलाच तर बादलीत पाणी घेऊन बघा. मोहरीहून बारीक गोल दाणे असतील तर ती अंडी असू शकतात. लाकडाच्या भुशासारखे तपकिरी-पिवळट धागे असतील तर ते ट्रायकोडेस्मियम, उन्हाळ्याच्या तोंडाला या किनाऱ्यावर नेहमी येणारे सूक्ष्मजीव.

फलित अंड्याची प्लॅन्युला अळी होते. ती काही दिवस, कधी काही आठवडे पाण्यात फिरते आणि मग जागा शोधते. तिला स्वच्छ कठीण खडक लागतो, त्यातही गुलाबी पापुद्र्यासारखं चुनखडी शैवाल असलेला खडक तिला ओढून घेतो. खडकावर गाळाचा पातळ थर असला तरी ती चिकटत नाही. नांगर फरफटून वाळू-गाळ उठतो तेव्हा एखादी फांदी मोडण्यापलीकडे हेही नुकसान होतं: पुढच्या पिढीची बसायची जागा जाते.

मोठ्या वसाहतीचं मोल इथेच कळतं. वसाहत मोठी तशी अंडी जास्त. आणि दोन प्रौढ वसाहती फार लांब राहिल्या तर अंडी-शुक्राणू एकमेकांना भेटायच्या आत पाण्यात विरून जातात. किल्ल्याभोवतीचे जुने ढीग एकेक करून गेले, तर उरलेले निरोगी असूनही वांझ ठरतील.

आता पिल्लं शोधा. चिकटल्यावर पॉलिप मिलिमीटरभर असतो, डोळ्याला सहज दिसायला त्याला बरेच महिने जातात. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान वसाहतीला पिल्लू धरायची पद्धत आहे. मोठ्या प्रवाळावरून नजर काढा आणि मधल्या उघड्या खडकावर, कपारींच्या कडेला, गुलाबी पापुद्र्यावर बघा. शर्टाच्या बटणाएवढी गोल टिकली, कडा पूर्ण, भोवती नुसता खडक: हे पिल्लू. पण तिच्या भोवती जुन्या सांगाड्याच्या खोल्या दिसत असतील, शेवाळाखाली का होईना, तर ते मरणाऱ्या म्हाताऱ्या वसाहतीचं उरलेलं बेट आहे. ही दोन्ही वेगळी नोंदवा. नाहीतर ऱ्हासालाच वाढ समजून बसाल.

तब्येत: कडेपासून आत

आधी कड बघा. जिवंत भागाची किनार फिकट आणि खडकावर पुढे सरकणारी असेल तर ती वाढ आहे, आजार नाही. तिथे अजून शैवालं पुरेशी भरलेली नसतात, इतकंच. कड मागे सरकून तिच्यामागे ताजा पांढरा पट्टा आणि त्यापुढे शेवाळ धरलेला सांगाडा, असा क्रम असेल तर ऊती मरत चालली आहे. हा पट्टा पट्टीसकट फोटोत घ्या, पंधरा दिवसांनी परत बघा.

मग वरचा माथा. माथा मेलेला आणि बाजू जिवंत असेल तर खोल पाण्यात बहुधा गाळ साचलेला असतो. डबक्यात मात्र तसा सपाट मेलेला माथा स्वाभाविक आहे, ओहोटीला तेवढा भाग उघडा पडतो. पोराइट्सवर पिवळट, धूळ बसल्यासारखा पातळ पडदा दिसला तर घाबरू नका. तो चिकट द्रवाचा थर आहे, गाळासकट तो काही दिवसांत टाकून देतो. पोराइट्सवरचे गुलाबी डाग ही इजेवरची प्रतिक्रिया असते, शेवाळ घासल्यावर किंवा काही टोचल्यावर येणारी. ते नोंदवा, पण रोग म्हणून लिहू नका.

हिवाळ्यात सरगॅसम या समुद्री शैवालाची तपकिरी झुडपं उंच वाढतात आणि प्रवाळ त्यात दिसेनासे होतात. ते ऋतूचं आहे. झुडूप खडकाला धरून असतं, प्रवाळाच्या जिवंत भागाला नाही. काळजीचं शेवाळ वेगळं: गवतासारखं आखूड, गाळ धरून ठेवणारं, प्रवाळाच्या कडेवर चढणारं.

पांढरं दिसलं की प्रश्न एकच: पांढरा पडलाय की मेलाय? पाणी गरम राहिलं की पॉलिप आपली शैवालं बाहेर टाकतो. उरते ती पारदर्शक ऊती आणि तिच्यातून दिसणारा सांगाडा. हेच विरंजन, ब्लीचिंग. हा प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी. जवळून बघितल्यास पृष्ठभाग ओलसर चकाकतो, खोल्यांच्या भिंती किंचित धूसर दिसतात, कधी स्पर्शिकाही दिसतात. मेलेल्यात खोल्यांच्या कडा स्पष्ट, टोचणाऱ्या असतात आणि काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी साय धरते. पाणी वेळेत थंड झालं तर विरंजित प्रवाळ सावरतो, पण त्यानंतरच्या हंगामात अंडी कमी होतात. म्हणून रंग परत आला तरी पिल्लांची मोजणी थांबवू नका.

एखाद्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी 1 अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर विरंजन सुरू होतं. आपल्याकडे धोक्याचे महिने एप्रिल-मे. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे कोरल रीफ वॉच नकाशे मोफत बघता येतात. त्यात साठलेली उष्णता डिग्री-आठवड्यांत मोजतात, म्हणजे पाणी किती अंश जास्त आणि किती आठवडे तापलं याचा एकत्र हिशोब. आकडा 4 ला पोचला की विरंजनाची शक्यता, 8 च्या वर प्रवाळ मरण्याची. जगभरातली विरंजनाची तिसरी लाट 2014 ते 2017 मध्ये आली. त्या काळात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांचं विरंजनही नोंदवलं. चौथी लाट एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली.

नोंद अशी करा

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचं रंगपत्रक मिळवा. त्यावर 1 ते 6 छटा आहेत, 1 सर्वांत फिकट. प्रत्येक वसाहतीचा सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग पत्रकाशी जुळवून दोन आकडे लिहायचे. वाढती कड सोडून. हे काम पाण्यातच करायचं, नंतर फोटोवरून नाही, कारण फोटोत निळसर झाक येते. एका फेरीत निदान वीसेक वसाहती, आणि निवड डोळे मिटून केल्यासारखी. आजारी तेवढेच टिपले तर नोंद निरुपयोगी होते.

त्याशिवाय पाच-सहा वसाहती कायमच्या ठरवा. जागा परत सापडावी म्हणून जीपीएस घ्याच, पण आपल्या मच्छीमारांसारख्या खुणाही लावा: किल्ल्याचा अमुक बुरूज आणि त्यामागचं झाड एका रेषेत, आणि दुसऱ्या बाजूने देवळाचा कळस आणि टेकडीची खांड एका रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे होडी. दर वेळी त्याच बाजूने, पट्टी ठेवून फोटो. प्रत्येक वसाहतीची सर्वांत लांब रुंदी, मेलेला भाग अंदाजे किती टक्के, आणि भोवतीच्या एक चौरस मीटरात किती पिल्लं. प्लॅस्टिकच्या पाइपची एक मीटरची चौकट खडकावर टेकवण्याऐवजी वर धरून मोजा. दिवाळीनंतर एकदा, फेब्रुवारीत एकदा, मेमध्ये पाण्याचे खेळ बंद व्हायच्या आत एकदा. तीन फेऱ्या पुरेत, पण दरवर्षी.

प्रवाळावर अडकलेलं जाळं दिसलं तर ओढू नका. ओढल्याने जाळ्यापेक्षा प्रवाळच जास्त तुटतो. जागा, खोली आणि फोटो वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा, प्रशिक्षित डायव्हर ते तुकड्या-तुकड्याने कापून काढू शकतात. मोडलेली फांदी स्वतः सिमेंटने चिकटवायचा उत्साहही आवरा. प्रवाळ लावायलाही परवानगी लागते. गाईड मंडळी स्वतःहून एक काम आजपासून करू शकतात: प्रवाळाच्या जागी नांगर टाकण्याऐवजी बाजूच्या वाळूत टाका, आणि पोहता न येणाऱ्या पाहुण्याला रिंगला धरून न्या, म्हणजे तो पाय टेकायला खडक शोधणार नाही.

भरलेल्या पाट्या घरी येऊन त्याच दिवशी वहीत उतरवा. तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि पाणी किती नितळ होतं हेही लिहा. गढूळ पाण्यात पिल्लं कमी दिसतात, आणि पुढच्या वर्षी आकडा वाढलेला दिसला तर तो वाढीचा की नितळ पाण्याचा, हे त्या एका ओळीवरून ठरतं.